साहेबांपुढे गप्प आणि घरी आरडाओरडा: हे अबोध मनामुळे होतं का?

तुम्ही विचारलंय, साहेब कितीही बोलले तरी तोंडातून शब्द फुटत नाही, आणि घरी मुलाच्या हातून पाणी सांडलं तरी अंगावर धावून जाता. हा स्वभाव की अबोध मन, म्हणजे मनाचा आपल्यालाच न कळणारा भाग?

वड्याचं तेल वांग्यावर काढणं आपल्याला नवीन नाही. मानसशास्त्रात त्याला विस्थापन म्हणतात: जिथे राग काढायची भीती वाटते तिथून तो जिथे भीती नाही तिथे वळतो. मनाच्या अशा संरक्षण यंत्रणांची नीट मांडणी सिग्मंड फ्रॉइडची मुलगी आणि स्वतः मनोविश्लेषक असलेल्या ॲना फ्रॉइड यांनी १९३६ च्या पुस्तकात केली. पण मला तुमच्या ओरडण्यापेक्षा गप्प बसण्याचं जास्त वाटतं. ओरडलेलं तुम्हाला कळतं, नंतर वाईटही वाटतं. गप्प बसण्याचं कारण तुम्ही 'नोकरी' असं लिहिलंय. मग शेजारच्या टेबलावरचा माणूस त्याच साहेबांना उत्तर देतो, त्याची नोकरी कशी टिकली?

माझं सांगतो. सोलापुरात पूर्व भागात आमचं घर टॉवेलच्या कारखान्याला लागून होतं. वडील माग चालवायचे. खटक-खटक आवाजात आम्हाला गाढ झोप लागायची, आवाज थांबला की जाग यायची. माग दिवसाउजेडी मध्येच थांबला, तर बहुतेक वेळा शेठ आलेले असायचे. टॉवेलात दोरा तुटलेला दिसला की मजुरी कापायचे. वडील मान खाली घालून ऐकायचे. जेवायला घरी आले की भाकरी करपली, दप्तर वाटेत पडलंय, काहीही कारण पुरायचं.

चाळिशीत मी समुपदेशकाकडे जायला लागलो, कारण मीटिंगमध्ये सगळे शांत झाले की माझ्या घशाला कोरड पडायची. काही महिने नुसतं बोलणं झालं. एके दिवशी तिथे लाइट गेली, पंखा थांबला, आणि मी पटकन म्हणालो, "आता बोलणी बसणार." कुणाची, असं त्यांनी विचारलं. मला बराच वेळ उत्तर देता आलं नाही.

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने १९२३ मध्ये इड, अहं आणि पराहं अशी मनाची रचना मांडली. इड म्हणजे आत्ताच हवं म्हणणारी ओढ, पराहं म्हणजे आईवडिलांचा आत जाऊन बसलेला धाक, आणि या दोघांना व बाहेरच्या जगाला सांभाळणारा अहं. त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट अशी, की अहंचाही मोठा भाग अबोध असतो. म्हणजे राग दडपला जातो तेव्हा दडपणारा हातही आपल्याला दिसत नाही. म्हणून 'आजपासून ओरडायचं नाही' असं ठरवून फारसं काही होत नाही.

फ्रॉइडचं सगळंच मानायला हवं असं नाही. ॲडलर आणि युंग हे त्याचे सहकारीही त्याच्या हयातीतच वेगळे झाले. प्रत्येक गोष्टीचं मूळ बालपणातच शोधत बसणंही मला पटत नाही. पण तुमच्यासारख्या प्रश्नात ही वाट उपयोगी पडते.

आठवडाभर एवढंच करा. साहेब बोलायला लागले की अंगात पहिल्यांदा काय होतं, ते रात्री लिहून ठेवा. पोटात गोळा येतो, हात गार पडतात, जे असेल ते. का होतं, हे लिहू नका. हात उगारला जात असेल तर मात्र आठवडाभर वाट पाहू नका, समुपदेशक गाठा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

आणि मुलाला आजच सांगा, की तो राग साहेबांवरचा होता, तुझ्यावरचा नव्हता. मला हे माझ्या वडिलांनी कधी सांगितलं नाही. दप्तर वाटेत पडलं म्हणूनच ते चिडतात, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो.