लिनक्स कर्नलमध्ये डीबगर नाकारणे हा अभिजनवाद होता का?
लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, डीबगर (चालू प्रोग्राम मध्येच थांबवून चूक शोधण्याचे साधन) घेण्यास लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी अनेक वर्षे दिलेला नकार हा निव्वळ अभिजनवाद होता का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते काही अंशी होता, आणि त्यांनी तो लपवलाही नाही. सप्टेंबर २००० मध्ये त्यांनी मांडलेली भूमिका अशी, की डीबगर हाताशी असला की माणूस लक्षणावर मलमपट्टी करून मोकळा होतो, तो नसला की कोड नीट वाचून मुळाशी जाणे भाग पडते. आणि या जाचाला कंटाळून काही जण निघून गेले, तरी त्यांची हरकत नव्हती. पहिला मुद्दा मला पटतो, दुसरा पटत नाही. ड्रायव्हर (एखादे उपकरण चालवणारा कोड) लिहिणाऱ्याने ‘प्रिंटके’ची, म्हणजे कर्नलमधून संदेश छापणारी, एक ओळ घालायची, कर्नल पुन्हा कंपाइल करायचा, मशीन रीबूट करायचे आणि मग पुढची ओळ कुठे घालावी हे ठरवायचे, यात कस लागतो तो चिकाटीचा, बुद्धीचा नव्हे. (साधनांचे त्यांना वावडे होते असेही नाही, कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन २००५ मध्ये त्यांनीच लिहिले.) अखेर २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी हे कर्नल डीबग करण्याचे साधन मूळ कर्नलमध्ये आले, आणि ज्यांना ते नको त्यांना कर्नल कंपाइल करताना ते वगळता येते.