नैवेद्याच्या आधीचं ताट

"ताई, माह्या हातचं पुरण नाई खात तो आता."

मावशी खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलल्या. आदल्या दिवशी पोळा झालेला. महालक्ष्म्या आठवड्यावर आलेल्या. तालुक्याच्या गावी समुपदेशनाला बसते तेव्हा पोळ्यापासून दिवाळीपर्यंत असे लोक माझ्याकडे हमखास येतात. घरातल्या कुणीतरी श्रद्धा बदललेली असते, कुणी सोडलेली असते, आणि सण तोंडावर आलेला असतो. प्रश्न ठरलेला: आता काय करायचं, त्याला समजवायचं की सोडून द्यायचं? मावशींची गोष्ट त्यासाठीच सांगते. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

मोठा मुलगा, वय चौतीस, सहा एकर कोरडवाहू. दारूने घर पोखरलं होतं. गेल्या कार्तिकात एका मित्राने त्याला रिद्धपूरला नेलं. तिथून तो येत-जात राहिला, चैत्रात महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. दहा महिने झाले, थेंब नाही. पण उपदेशी माणूस एका परमेश्वराशिवाय दुसऱ्या देवतेला भजत नाही, तिचा प्रसाद घेत नाही. पोळ्याला त्याने बैल सजवले, झुली घातल्या, तोरणाखाली उभेही केले, पण मारुतीला हात जोडले नाहीत. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कुणी म्हणालं धर्म बदलला. मावशींची बहीण म्हणाली, "त्याले कोनं काई चारलं असन, उतारा कर."

मी आधी वेगळेच प्रश्न विचारले. झोपतो का? जेवतो का? शेतात जातो का? अंगात येतं, आवाज ऐकू येतात, मीच देव आहे, असं काही बोलतो का? कुणाला सगळं देऊन टाकतो का? हे विचारावंच लागतं. झोप उडून, कामधंदा सुटून एकाएकी धर्माचं वेड लागलं तर तो आजार असू शकतो. तेव्हा उताऱ्याची नाही, डॉक्टरची गरज असते, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन फुकट लागतो. या मुलाचं तसं काहीच नव्हतं. सोयाबीनला दोन फवारण्या वेळेवर झाल्या होत्या, पोरीला शाळेत तो स्वतः सोडत होता. मावशींना म्हटलं, तुमचा मुलगा आजारी नाही, आणि परक्या धर्मातही गेला नाही. गोविंदप्रभूंचं रिद्धपूर आपल्या वऱ्हाडातलंच आहे, लीळाचरित्र देणारा हा पंथ सात-आठशे वर्षांपासून आपल्या मातीत आहे. त्या गप्प बसल्या. पुरणाचा प्रश्न तसाच राहिला.

मुलगा दोन दिवसांनी आला. त्याच्याशी बोलताना मी चूक केली. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आठवून म्हणाले, अरे शेवटी सगळे देव एकच ना? तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे मायचं म्हननं झालं. माहं नाही." बरोबर होतं त्याचं. 'सगळे देव एकच' हा समेट वाटतो, पण तीही एक श्रद्धाच आहे. एकनिष्ठेवर ज्याचं सगळं उभं आहे त्याला ते ऐकवणं म्हणजे तुझं काही खरं नाही, असं सांगणं. उलट बाजूनेही हेच घडतं. १९५६ मध्ये नागपूरला ज्यांच्या आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या घरातल्या नातवाला मित्र म्हणतो, खा रे प्रसाद, खाल्ल्याने काय होतं? होतं. आजोबांनी काय सोडून काय मिळवलं ते त्या घराला माहीत असतं. त्या दिवसापासून मी ते वाक्य वापरत नाही.

मग त्याला विचारलं, प्रसाद घेतला तर तुझं काय जाईल? बराच वेळ तो खाली पाहत राहिला. "एक नेम ढिला केला ना मॅडम, तर दुसरा सुटते. मले भेव वाटते." त्याची भीती बाटलीची होती.

तिसऱ्या भेटीत मायलेक आणि सून, तिघांना एकत्र बसवलं. एकच नियम ठेवला: आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडून सांगायचं, आणि समोरचा "हो, हेच" म्हणेपर्यंत स्वतःचं बोलायचं नाही. बोलायला सोपं, करायला फार जड. मावशींना तीनदा थांबवावं लागलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तो म्हनते, हे पाळलं नाही तं दारू पुन्हा लागन." तो म्हणाला, "हो, हेच." पाळी त्याची आली. "माय म्हनते, लोक नाव ठेवतीन." मावशींनी मान हलवली. नाही. "माय म्हनते, देवीचा कोप होईन." तेही नाही. मग त्या पदर तोंडाला लावून बोलल्या, आणि जे बोलल्या ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी हा पिऊन आला, पंगत उठली. त्या रात्री त्यांनी महालक्ष्म्यांपुढे नवस बोलला होता: याची दारू सुटली तर पुढच्या वर्षी लेक-सून जोडीनं पूजेला बसतील.

म्हणजे दारू सुटली ती एकच. माय म्हणते माझ्या लक्ष्म्यांनी सोडवली, लेक म्हणतो उपदेशाने. चार महिन्यांचा अबोला त्यावर होता, आणि हे एकमेकांना कुणी सांगितलंच नव्हतं. कोणाचं खरं, हे ठरवणं माझं काम नाही. मी तसा प्रयत्नही केला नाही.

तोवर सून एक अक्षर बोलली नव्हती. अशा घरांत सुनेचे हाल कुणी मोजत नाही. नवऱ्याचं पाळायचं, सासूचंही करायचं. ती हळूच म्हणाली, "नवस आत्याबाईंनी बोलला ना? मग आत्याबाईच बसतीन पूजेले. मी बाजूले बसतो." मावशी दचकल्या. नवरा गेल्यापासून त्या पूजेला पुढे झाल्या नव्हत्या. "मी कशी बसू?" मुलगा पटकन म्हणाला, "काहून नाई? तूनं बोलला, तूच फेड." आईकडे सरळ पाहून तो बोलला ते तेव्हाच.

बाकीचं अर्ध्या तासात ठरलं. सोळा भाज्या, केळीची पानं, आंबिलीची ज्वारी तो आणणार. पाहुण्यांची पाण्याची बाजू तो बघणार. त्याचं ताट नैवेद्य दाखवायच्या आधी वेगळ्या भांड्यातून निघणार; ते त्याच्या नेमात बसतं, हे तो आधीच विचारून आला होता. पाहुण्यांसमोर त्याने देवता आणि परमेश्वर यातला फरक समजावत बसायचं नाही. मावशींनी "पोरगं वाया गेलं" म्हणायचं नाही. आणि हे सगळं महालक्ष्म्या यायच्या आधी, रिकाम्या घरात. ताट समोर आल्यावर कोणाचाही धर्म समजून घेता येत नाही.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. उठता उठता मावशींनी विचारलं, "मी मेल्यावर दहाव्याले कोन बसन? कावळा शिवन का?" खोलीत कुणी बोललं नाही. धाकटा आहे ना, असं मी म्हणू शकले असते, पण त्यांनी थोरल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "माय, ते आज नाई सांगू शकत. खोटं कशाले बोलू? पन तू हाये तोवर तुह्यं सारं मी करीन." मावशींना ते पुरलं नाही. चेहऱ्यावर दिसत होतं. मीही त्यावर काही बोलले नाही. आईला बरं वाटावं म्हणून मुलाकडून वचन काढून घेणं मला पटत नाही. ते मोडलं की दोघंही तुटतात.

महालक्ष्म्या कशा झाल्या ते सुनेकडून कळलं. मावशी पूजेला बसल्या तेव्हा बहिणीने नाक मुरडलं. पंगतीत तिनेच मोठ्याने विचारलं, हा कायले वेगळा बसला? मावशी वाढता वाढता म्हणाल्या, "त्याचं ताट म्याच आधी काढलं. तुले अजून पुरण वाढू?"

घरोघरी इतकं जमतं असं नाही. मारहाण असेल, कुणाला घराबाहेर काढलं असेल, जात पंचायतीने वाळीत टाकलं असेल, तर समजुतीच्या बैठकीत वेळ घालवू नका. वाळीत टाकणं हा २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तिथे पोलीस ठाणं गाठायचं.

विसर्जनानंतर चौथ्या दिवशी मावशी आल्या. पिशवीतून करंज्यांचे दोन डबे काढून टेबलावर ठेवले आणि झाकणावर हात ठेवून थांबल्या.

"हे नैवेद्याचं हाये, हे आधी काढलेलं. तुमाले कोनतं चालते, ताई?"