बट गेली ती गेली, चिठ्ठीला उत्तर कोण देणार?

"मावशी, परवा आम्ही सगळे बोटीने हॅम्पटन कोर्टच्या राजवाड्यावर गेलो होतो. पत्त्यात मी बॅरनला हरवलं, मग कॉफी आली, मी कपावर वाकले आणि त्याने मागून क्लॅरिसाच्या कातरीने माझी बट कापली!! मानेवर दोनच होत्या. परत देत नाही म्हणतो. मग जी भांडाभांडी झाली त्यात मी त्याच्या नाकावर तपकीर फेकली, पण बट कुठे गेली कोणालाच माहीत नाही, कोणी म्हणतं वर जाऊन तारा झाली. दिवसाची सुरुवातच धड नव्हती, दुपारी बाराला शॉकने (माझा कुत्रा) चाटून उठवलं, कोणाची तरी चिठ्ठी आलेली ती वाचली, मग आवरायला उशीर. तर बट परत कशी मिळवू? - बेलिंडा, लंडन"

बेलिंडा बाळा,

बॅरनचं चुकलंच. न विचारता कोणाच्या केसाला कातर लावायची नाही, यात जर-तर काही नाही, आणि सॉरी म्हणायचं सोडून तो मिरवत बसला म्हणजे निर्लज्जच आहे. झालं, त्याचा विषय माझ्याकडून संपला. तुझी बाजू मांडायला इंग्रज कवी अलेक्झांडर पोप आहे की, त्याने तुझ्या एका बटेवर 'द रेप ऑफ द लॉक' (म्हणजे बटेचं अपहरण) हे काव्य लिहिलं, १७१२ साली दोन सर्ग, तेवढ्याने भागेना म्हणून १७१४ ला पाच, पत्त्यांच्या डावाची तर अशी लढाई केली की तू शेवटचा हात बदामच्या राजाने मारलास तेव्हा मीसुद्धा टाळी वाजवली. त्यात मी अजून कशाला गळा काढू.

मला एकच सांग, ती चिठ्ठी कोणाची गं?

"कोणाची तरी" म्हणे! प्रेमपत्र होतं ते. पोपने लिहूनच ठेवलंय, तुझे डोळे उघडले ते थेट त्या पत्रावर, आणि झोपेत एरिअल, तुझी राखण करणाऱ्या सिल्फांचा म्हणजे हवेतल्या अदृश्य जिवांचा म्होरक्या, येऊन जे एवढं बजावून गेला होता, की आज काहीतरी अरिष्ट आहे, सगळ्यांपासून जप आणि पुरुषापासून सगळ्यात जास्त जप, ते पत्र वाचल्यावर तुझ्या डोक्यातून साफ गेलं. जिच्यामुळे अख्खं स्वप्न पुसलं जातं ती चिठ्ठी कोणाचीतरी नसते, मला नको शिकवूस. मग तिचं केलंस काय? तुझ्या ड्रेसिंग टेबलवर पावडर, पफ, गालावर लावायचे काळे ठिपके, बायबल आणि प्रेमपत्रं सगळं एकाच ढिगात असतं, त्यातच टाकली असशील. त्या पाच सर्गांत तू पत्ते खेळतेस, किंचाळतेस, केसातला आकडा उपसून बॅरनवर धावतेस, पण त्या पत्राला दोन ओळी खरडताना काही मला कुठे दिसली नाहीस.

आणि दुसरी गोष्ट. एरिअलने तुझ्याभोवती सिल्फांचा काय बंदोबस्त लावला होता, कानातल्यांना एक, घड्याळाला एक, बटेला एक, शॉकजवळ तो स्वतः आणि पेटीकोटला पन्नास. पन्नास! मनाला मात्र कोणी नेमलाच नव्हता. कातर मिटणार एवढ्यात एरिअलने तिथे डोकावलं तर आत एक माणूस लपलेला, झालं, बिचारा उसासा टाकून बाजूला झाला, कारण पुरुषांना नाकारणाऱ्या मुलींनाच राखायचं हा त्यांचा नियम. तो माणूस कोण ते पोपने सांगितलं नाही.

लोक म्हणणार बॅरनच असेल. असला तर काढून टाक त्याला तिथून. हा माणूस त्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी उठून प्रेमदेवाची पूजा मांडून बसला होता, बारा जाडजूड फ्रेंच प्रेमकथा रचून वेदी, वर तीन गार्टर (मोजे बांधायचे पट्टे), अर्धी जोडी हातमोजे, आधीच्या प्रेमांच्या ट्रॉफ्या सगळ्या, आणि हे पेटवलं कशाने तर प्रेमपत्रांनी. ज्याला पत्रं सरपणाला लागतात त्याच्याकडे मागून मागून तू काय मागतेस, तर केस?

ज्या खऱ्या भांडणावरून हे काव्य झालं तिथलं पण ऐक. लॉर्ड पीटरने अरॅबेला फर्मरची बट कापली, दोन घराण्यांत बिनसलं, जॉन कॅरिल नावाचा त्यांचा स्नेही पोपला म्हणाला काहीतरी लिही आणि यांना हसव. पोपने लिहिलं, पण ते १७१२ ला छापून येईपर्यंत या लॉर्डाने दुसरीशीच लग्न उरकलं होतं आणि पुढच्याच वर्षी, १७१३ मध्ये, तो देवी येऊन वारलासुद्धा. अरॅबेलाने नंतर फ्रान्सिस पर्किन्सशी लग्न केलं. आता सांग, बटेचा हिशेब कुठल्या पत्त्यावर पाठवायचा?

पण तुझी ती मैत्रीण थॅलेस्ट्रिस, ती तुला शांत बसू देणार नाही. तो तुझे केस हिऱ्याच्या अंगठीत बसवून मिरवेल, लोक काय म्हणतील, अब्रूचं काय, एवढंच तिचं चालू. आणि तू तिच्याही वर, तू बॅरनला काय म्हणालीस आठवतंय का, की न दिसणारे कुठलेही केस नेले असतेस तरी चाललं असतं, पण हेच का?? कपाळावर हात मारून घेतला मी. म्हणजे दुखलं कुठे, तर जिथे लोकांना दिसतं तिथे.

शोध बंद कर. उरलेली बट एकटी विचित्र दिसते तर दिसू दे, आज आरशापुढे बसायचंच नाहीये. तो टेबलावरचा ढीग उपस, चिठ्ठी काढ आणि उत्तर लिही, आजच, शॉकला फिरवून आणायच्याही आधी. जखमा, तळमळ असलं काही नको, साधं लिही. आवडला असेल तर ये म्हण, नसेल तर नको म्हण, पण त्या माणसाला असं ताटकळत ठेवू नकोस, त्याने तुझ्या केसाला हातसुद्धा लावलेला नाही. आणि पाठवायच्या आधी थॅलेस्ट्रिसला वाचायला द्यायचं नाही. कळलं?

- मावशी