ऑस्ट्रेलियातलं हानडॉर्फ हे जर्मन गाव नेमकं कसं वसलं?

मी ॲडलेडला राहतो, गाव आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर, त्यामुळे पाहुणे आले की तिकडे चक्कर ठरलेलीच. मेन स्ट्रीटवरची बिअर, सॉसेज बघून सगळ्यांना वाटतं की जर्मन लोक सोनं नाहीतर स्वस्त जमीन शोधत आले असणार. सोन्याची भानगड खूप नंतरची, यांचं भांडण होतं प्रार्थनेच्या पुस्तकावरून!

प्रशिया या जर्मन राज्याचा राजा फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा, याने लुथेरन आणि रिफॉर्म्ड हे दोन प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ एकत्र करून एकच उपासना सगळ्यांवर लादली. जुन्या वळणाचे लुथेरन ऐकेनात, मग पाद्री तुरुंगात वगैरे प्रकार सुरू झाले. त्यांच्यातला एक पाद्री, ऑगस्ट कावेल, 1836 मध्ये लंडनला गेला आणि तिथे जॉर्ज फाइफ अंगास नावाच्या व्यापाऱ्याला भेटला. त्याला साउथ ऑस्ट्रेलियाच्या नव्या वसाहतीत कष्टाळू माणसं हवीच होती, म्हणजे नुसता धर्म नाही, धंदाही होता.

कावेल स्वतः आधीच्या जहाजाने पोचला. मागून डिसेंबर 1838 अखेर 'झेब्रा' जहाज जवळजवळ 200 जणांना घेऊन आलं, त्याचा कप्तान डर्क हान. खरं तर माणसं उतरवली की याचं काम संपलं, पण या लोकांवर त्याचा एवढा जीव जडला की तोच जमीन शोधत हिंडला, माउंट बार्करजवळच्या जमीनमालकांशी बोलून 100 एकर मिळवली, तीही पहिल्या वर्षी बिनभाड्याने. 1839 मध्ये गाव वसलं आणि त्याला नाव दिलं कप्तानाचं. तो मात्र तिथे राहिला नाही, जहाज घेऊन निघून गेला. आणि जमीन काही रिकामी नव्हती बरं का, ती पेरामांक आदिवासींची, सौद्यात त्यांना कोणी विचारलंच नाही.

गाव तगलं ते बायकांमुळे असं माझं मत. लोणी, अंडी, भाजी टोपल्यांत भरून मध्यरात्री निघायच्या, डोंगर उतरून अनवाणी 25-30 किमी चालायच्या, शहराजवळ ओढ्यात पाय धुऊन बूट घालायचे आणि मग बाजार. येताना चर्चसाठी दोन-दोन विटा आणायच्या असं गावात सांगतात. मे महिन्यात त्याच वाटेवर वॉक असतो, जमलं तर कराच, चढ चांगलाच दमवतो.

पहिल्या महायुद्धात जर्मन नावं नकोत म्हणून 1917 मध्ये सरकारने गावाचं नाव ॲम्बलसाइड केलं, जुनं परत मिळायला 1935 उजाडलं.