टाकीतला मासा जातो कुठे?

प्रश्न : आमच्याकडे तीन फूट लांबीची काचेची टाकी आहे. तीत बारा निऑन टेट्रा, चार एंजलफिश, दोन कोरिडोरास आणि कुठून तरी आलेल्या पुष्कळ गोगलगायी होत्या. आठ-नऊ महिने सारे सुरळीत चालले. गेल्या तीन आठवड्यांत मात्र निऑन एकेक करून नाहीसे होत गेले आणि आता सातच उरले आहेत. मेलेला मासा एकदाही तरंगताना दिसला नाही. काटा नाही, खवला नाही. टाकीला घट्ट झाकण आहे आणि घरात मांजर नाही. फिल्टर मासे ओढून घेत असेल का? एंजलवर संशय घ्यायचा, तर ते याच निऑनांबरोबर लहानाचे मोठे झाले आहेत.

उत्तर : शेवटचे वाक्य आपण एंजलच्या बचावासाठी लिहिले आहे, पण मला तोच त्यांच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. एंजल लहानाचे मोठे झाले. निऑन मात्र मोठे झाले नाहीत. निऑन पूर्ण वाढला तरी तीन-चार सेंटिमीटरचाच राहतो. एंजल आपण आणला तेव्हा अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा असेल, पण वर्षभराच्या आत तो तळहातावर मावेनासा होतो आणि त्याचे शरीर पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. ज्या दिवशी निऑन त्याच्या तोंडात मावू लागतो, त्या दिवशी दोघांमधले नाते बदलते. माशाला सोबतीची ओळख नसते असे मी म्हणणार नाही, परंतु भुकेपुढे ती ओळख टिकते असे मानायला आधार नाही. एंजल दिसतो संथ आणि राजस, म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. त्याचे चपटे शरीर मात्र पाणवनस्पतींच्या उभ्या देठांमध्ये लपून दबा धरण्यासाठीच घडलेले आहे.

काटा किंवा खवला का सापडला नाही, याचेही उत्तर यातच आहे. असे मासे भक्ष्याचे लचके तोडत नाहीत. ते जबडा एकाएकी पुढे काढून तोंड उघडतात, त्यासरशी पाणी आत ओढले जाते आणि पाण्याबरोबर लहान मासा सबंधच आत जातो. हे सारे क्षणार्धात होते आणि मागे काहीही उरत नाही. तेही बहुधा आपण पाहत नसताना, रात्री किंवा पहाटेच्या अंधूक उजेडात घडते, कारण अंधारात निऑन थवा सोडून विखुरतात आणि जवळजवळ निश्चल होऊन विसावतात. त्यांचा तो झगझगीत निळा-तांबडा रंगही रात्री फिकटतो. पहाटे दिवा लावताच निऑन दिसले नाहीत म्हणून घाबरून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रंग परत यायला थोडा वेळ लागतो, म्हणून गणती दिवा लावल्यानंतर अर्ध्या तासाने, शक्यतो खाद्य टाकताना करावी.

संशय खरा की खोटा हे पडताळणे अवघड नाही. ज्या दिवशी गणतीत एक निऑन कमी भरेल, त्या सकाळी चारही एंजलांकडे बाजूने नव्हे तर वरून किंवा समोरून पाहावे. चपट्या माशाचे पोट फुगलेले त्या कोनातून लगेच कळते. एरवी हावरटपणे वर धावणारा एखादा एंजल त्या दिवशी खाद्याकडे पाठ फिरवीत असेल, तर आणखी काही शोधण्याची गरज नाही. बहुधा चारांपैकी एक किंवा दोघेच हे शिकलेले असतात, परंतु एकाचे पाहून बाकीचेही शिकतील असे धरून चालावे.

आता फिल्टरविषयी. निरोगी प्रौढ निऑन घरगुती फिल्टरच्या ओढीला सहज तोंड देतो. फिल्टरच्या जाळीला चिकटलेला मासा दिसतो, तेव्हा तो बहुतेक वेळा आधीच मेलेला किंवा मरणपंथाला लागलेला असतो. फिल्टरने त्याला मारलेले नसते. नवजात पिल्लांची आणि आजारी माशांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी शोषनळीच्या तोंडावर स्पंजचे आवरण बसवणे इष्ट ठरते. तरीही एकदा फिल्टर उघडून पाहावा, कारण क्वचित लहान मासा आत शिरतो आणि तिथेच आयते अन्न मिळत असल्यामुळे खुशाल जगत राहतो.

एंजलला दोषी ठरवण्याआधी दुसरी एक शक्यता प्रामाणिकपणे तपासली पाहिजे. ती म्हणजे मासे आधी मेले आणि नंतर खाल्ले गेले. माझ्या मते ‘नाहीशा झालेल्या’ लहान माशांपैकी पुष्कळसे याच वाटेने जातात. सव्वीस अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात एवढ्याशा माशाचे शरीर वेगाने कुजू लागते. मेलेला मासा लगेच तरंगतोच असे नाही. पुष्कळदा तो आधी तळाशी किंवा वनस्पतींच्या मुळाशी पडतो, आणि पोटात वायू साचला तरच वर येतो. तेवढा वेळ त्याला कोणी देत नाही. गोगलगायी आपल्या खरखरीत जिभेने त्याला किसून काढतात, कोरिडोरास मऊ झालेले भाग टिपतात, आणि एक-दोन दिवसांत ओळखण्याजोगे काही शिल्लक राहत नाही. आपल्याकडे गोगलगायी पुष्कळ आहेत हे मी मुद्दाम लक्षात घेतले आहे. त्यांची संख्या गेल्या महिन्यात वाढली असेल, तर टाकीत त्यांना काहीतरी जादा खायला मिळत आहे, मग ते आपण टाकलेले वाजवीपेक्षा अधिक खाद्य असो की आणखी काही.

दोन्ही शक्यतांमधला फरक उरलेल्या सात निऑनांकडे पाहून कळेल. त्यांच्यापैकी एखादा थव्यापासून दूर, कोपऱ्यात किंवा फिल्टरमागे राहत असेल, त्याचा तांबडा पट्टा पांढुरका पडला असेल, पाठ वाकलेली किंवा पोट खपाटीला गेलेले दिसत असेल, तर प्रश्न आजाराचा आहे. निऑनांना स्नायू पोखरणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचा रोग होतो. त्याच्यावर खात्रीचा उपचार नाही, आणि रोगी माशाचे शव इतरांनी खाल्ले की तो पसरतो. अशा वेळी रोगी मासा तात्काळ वेगळा काढणे एवढेच हाती असते. उलट सातही निऑन टवटवीत असून एकमेकांना बिलगून फिरत असतील, एंजल जवळ येताच दाट झाडीत पळत असतील, तर चोर कोण हे त्यांना आपल्याआधीच कळले आहे.

पाण्याची तपासणी दोन्ही प्रसंगी करावी. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही शून्य असली पाहिजेत. मुरलेल्या टाकीत एखाद्या निऑनच्या शवाने मोठा अनर्थ होत नाही, कारण अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये वस्तीला असतात. टाकी नवी असेल किंवा मेलेला मासा मोठा असेल, तर मात्र अमोनिया वाढतो, आणि पाणी जितके अल्कधर्मी व उबदार असेल तितका तो अधिक जाचक ठरतो. मोजणीत अमोनिया आढळल्यास पाव ते एकतृतीयांश पाणी बदलावे आणि शव सापडेपर्यंत शोध सोडू नये. पाणी गढूळ होणे आणि त्याला वास येणे हीदेखील त्याचीच लक्षणे आहेत.

उपायाविषयी स्पष्टच सांगतो. एंजलना अधिक खाऊ घालून निऑन वाचवता येतील, या आशेवर राहू नये. पोट भरलेला एंजलही समोर आलेला घास सोडत नाही. एक तर उरलेल्या निऑनांना दुसरी टाकी द्यावी, नाही तर एंजलसाठी दुसरे घर शोधावे. आणखी निऑन आणून संख्या भरून काढणे हा उपाय नव्हे. ते फक्त महागडे खाद्य होईल.

प्रश्न : आम्ही तीन कुहली लोच आणले. पहिल्या दिवसानंतर त्यांपैकी एकही दिसलेला नाही, आणि याला आता तीन आठवडे झाले. टाकीत त्यांना खाईल असा कोणताही मासा नाही. सगळी वाळू उपसून पाहावी का?

उत्तर : कृपा करून तसे करू नये. कुहली लोच हा आठ-दहा सेंटिमीटरचा, सापासारखा सडपातळ, रात्री फिरणारा मासा आहे आणि वाळूत अंग पुरून घेणे हा त्याचा स्वभावच आहे. त्याला पाळणाऱ्या पुष्कळांनी त्याला महिनोन्‌महिने न पाहिल्याचे सांगितले आहे. टाकी उपसताना दगड घसरून मासा चिरडण्याचा धोका, तो हरवला असण्याच्या शक्यतेपेक्षा मोठा आहे. शिवाय वाळूत साचलेली घाण एकदम वर आल्यास चांगले पाणीही बिघडते.

त्याऐवजी दिवे मालवून दोन तास जाऊ द्यावेत, तळाला बुडणाऱ्या खाद्याची एक गोळी टाकावी आणि थोड्या वेळाने तांबडा कागद लावलेल्या विजेरीने शांतपणे पाहावे. तांबड्या उजेडाने बहुतेक मासे फारसे बिचकत नाहीत. त्यांतूनही काही दिसले नाही, तर पोकळ शोभेच्या वस्तू, लाकडाच्या फटी आणि फिल्टरचा आतला भाग पाहावा. तळाशी खडीखाली जाळीदार पाट असलेला फिल्टर असेल, तर त्या पाटाखालची जागा लोचांना फार प्रिय असते. तिथे शिरलेला मासा बाहेर यायला वाट शोधतोच असे नाही. अशा फिल्टरचे कोपरे आणि नळीचे तोंड मुळातच बंद केलेले असावे. लोच अगदी बारीक फटीतूनही उडी मारतो, म्हणून टाकीच्या मागच्या जमिनीवर एक नजर टाकायला हरकत नाही. यावरून पुढच्या पत्राकडे वळतो.

प्रश्न : आमचा गुरामी पाच दिवस बेपत्ता होता. शेवटी टाकीच्या मागे, भिंतीलगत, वाळून कडक झालेला सापडला. झाकणाला फक्त नळ्या आणि वायरी जाण्यापुरती जागा होती. मासा असा जीव द्यायला बाहेर का पडतो?

उत्तर : जीव देण्याचा त्याचा हेतू नव्हता; पलीकडे पाणी आहे असेच त्याला वाटले असेल. मोकळ्या पाण्यात उडी मारलेला मासा पुन्हा पाण्यातच पडतो, मग तो पाठलागापासून सुटण्यासाठी उडाला असो की वरून उडणारा किडा पकडण्यासाठी. आपल्या टाकीच्या कडा त्याच्या स्वभावाला ठाऊक नाहीत. हॅचेटफिश, किलीफिश, बेट्टा, डॅनिओ आणि लोच हे यात विशेष पटाईत आहेत, पण पुरेसे घाबरले तर बहुतेक मासे उडी मारतात. नव्या टाकीतली पहिली रात्र, दांडगट सोबती, अंधारात एकाएकी लावलेला दिवा, आणि पाण्यातला प्राणवायू कमी होणे किंवा अमोनिया वाढणे, ही त्याची नेहमीची कारणे. एकाच आठवड्यात दोन निरनिराळ्या जातींच्या माशांनी उडी मारली असेल, तर दोष झाकणाचा आहेच, पण पाणी आधी तपासावे.

वायरींपुरती जागा म्हणजे माशाच्या दृष्टीने दरवाजाच. ती स्पंजच्या तुकड्याने किंवा प्लास्टिकच्या जाळीने बुजवावी आणि पाण्याची पातळी काठापासून चार-पाच सेंटिमीटर खाली ठेवावी. शोध घेताना टाकीखालचे कपाट, मागची भिंत आणि जवळच्या सामानाच्या खालचा भाग पाहावा, कारण जमिनीवर पडलेला मासा तडफडत बराच दूर जातो. मुंग्यांची रांग दिसल्यास तिचा माग काढावा. मासा सापडला आणि त्याची त्वचा अजून ओलसर असेल, तर तो निपचित दिसला तरी ओल्या हाताने उचलून टाकीतल्या पाण्यात सोडावा. गुरामी आणि बेट्टा यांना हवेतला प्राणवायू घेता येत असल्यामुळे ते कधी कधी आश्चर्यकारकरीत्या सावरतात.

प्रश्न : आमच्या दोन टाक्या शेजारी शेजारी आहेत. एका टाकीतला मासा आपणहून दुसऱ्या टाकीत जाणे शक्य आहे का? मुलगा तसे म्हणतो आणि आम्ही हसतो.

उत्तर : हसू नये. दोन्ही टाक्या उघड्या असतील आणि अंतर थोडे असेल, तर उडी मारणारा मासा योगायोगाने पलीकडे पडू शकतो. गणती करताना एकीकडे एक कमी आणि दुसरीकडे एक जास्त भरला, तर मुलाचे म्हणणे खरे मानावे.

याहून विलक्षण प्रकार इंग्लंडमधील ब्रायटनच्या मत्स्यालयात घडला होता. ते मत्स्यालय १८७२ साली सुरू झाले. पुढे तिथल्या एका टाकीतले लंपफिश एकामागून एक नाहीसे होऊ लागले. झाकण, पाणी, आजार, सोबतीचे मासे, कशातच दोष सापडेना. अखेर एका सकाळी त्या टाकीत चक्क ऑक्टोपस आढळला. शेजारच्या टाकीत राहणारा हा प्राणी रात्री भिंत ओलांडून येई, एक मासा फस्त करी आणि उजाडण्यापूर्वी आपल्या जागी परते. त्या दिवशी मात्र त्याला परतायला उशीर झाला होता. तिथले निसर्गअभ्यासक हेन्री ली यांनी ही हकीगत लिहून ठेवली आहे. आपल्या दुसऱ्या टाकीत कोण राहते, हे पत्रात आपण लिहिलेले नाही. ते कळवल्यास पुढच्या अंकात अधिक सांगता येईल.