२क्ष + य ≤ ४० ची छायांकित बाजू कॅल्क्युलेटरवर कशी मिळवायची? आणि वर्तुळ टाकलं की एरर का येते?

डेसमॉस या आलेख काढणाऱ्या संकेतस्थळावर दोन्ही जसंच्या तसं टाइप करा, चालतं. हातातल्या टीआय-८४ या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर मात्र आधी 'य' एकटा करावा लागतो. ते यंत्र 'य = काहीतरी' एवढंच घेतं, म्हणून क्ष² + य² = २५ नाकारतं. तिथे वर्तुळाचे दोन अर्धे वेगळे टाका: य = √(२५ − क्ष²) आणि तेच उणे चिन्हासह. वर्तुळ अंड्यासारखं दिसलं तर झूम मेनूतलं स्क्वेअर निवडा. असमानतेसाठी य = ४० − २क्ष टाका, ओळीच्या डावीकडच्या चिन्हावर जाऊन खालची बाजू छायांकित करा.

सोलापुरात बारावीला लिनिअर प्रोग्रॅमिंग (दिलेल्या मर्यादांत सर्वांत चांगलं उत्तर शोधणं) शिकवताना मी नेहमी उलटं करायला सांगतो. समजा चादरीला २ तास, टॉवेलला १ तास आणि हाती ४० तास. क्ष चादरी, य टॉवेल. डेसमॉसवर २क्ष + य ≥ ४०, क्ष ≤ ०, य ≤ ० अशी उलटी चिन्हं टाका. नको तो भाग रंगतो, उरलेला पांढरा त्रिकोण आणि त्याच्या कडा म्हणजे उत्तर. तीन-चार रंग एकमेकांवर चढले की मुलांना काहीच कळत नाही, त्यापेक्षा हे फार बरं.

एक लक्षात ठेवा: डेसमॉस < साठी तुटक आणि ≤ साठी सलग रेघ काढतं, टीआय-८४ च्या साध्या छायांकनात हा फरक दिसत नाही. आणि बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा (०, ०) ठेवून बाजू हातानेही तपासा.