कॅम्पर ओढताना गिअरबॉक्सचं तापमान

डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे पिकअपमागे कॅम्पर (राहण्याची सोय असलेला ट्रेलर) ओढत निघणार असशील, तर इंजिनाइतकंच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तापमानाकडेही लक्ष ठेव. उष्णता मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या भागात, तयार होते. तो लॉक नसला की आतलं ऑइल नुसतं घुसळलं जातं. म्हणून टो-हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची सेटिंग) चढ लागण्याआधीच लाव, आणि गाडी सारखी गिअर बदलायला लागली तर स्वतःच एक गिअर खाली घे. वाढलेल्या आरपीएमला घाबरू नको, इंजिनाला ते सहज झेपतं.

बहुतेक पिकअपमध्ये १७० ते २०० फॅरनहाइट म्हणजे निवांत. २२० च्या वर चढतच राहिलं तर वेग कमी कर. २४० दिसलं की सुरक्षित जागी थांब, पण इंजिन लगेच बंद करू नकोस! पार्कमध्ये ठेवून आरपीएम थोडे वाढव, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल त्याला थंड करणाऱ्या कूलरमधून फिरत राहील.

खरी फसवी जागा म्हणजे कॅम्पग्राउंड. खडीच्या चढावर ट्रेलर रिव्हर्स घेताना कन्व्हर्टर लॉक होत नाही, वाराही लागत नाही, आणि आकडा भराभर वाढतो. तिथे फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर) वापर (कोरड्या डांबरावर मात्र नको).

कूलरच्या जाळीत अडकलेले किडेही अधूनमधून काढत जा. ऑइलला जळका वास आला तर तपासून घेतल्याशिवाय पुढचा ट्रेलर जोडू नकोस.